एफजीएफ-२ प्रकल्प नोंदी: ३७ डिग्रीला टिकणारं प्रोटीन

५ जानेवारी

आजपासून सुरू. काय करायचंय ते आधी एकदा नीट लिहून ठेवते. माणसाचं एफजीएफ-२, म्हणजे बेसिक फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर, पेशींना वाढायचा संकेत देणारं प्रोटीन, ई. कोलाय या जिवाणूत त्याचा जीन घालून (रिकॉम्बिनंट पद्धतीने) बनवायचं, शुद्ध करायचं आणि दोन गटांना द्यायचं. एक गट पेशंटच्या पेशींपासून केलेल्या आयपीएस पेशी (परत स्टेम सेलच्या अवस्थेत नेलेल्या) वाढवतो, त्यातून पुढे हृदयाच्या नाहीतर मेंदूच्या पेशी करून आजार डिशमध्ये अभ्यासतो. दुसरा गट जखम भरण्यावर काम करतो, त्यांच्याकडे फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी), एंडोथेलियल पेशी (रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या) आणि जिलेटिनची जेलं. प्रोटीन एकच पण मागण्या वेगळ्या: पहिल्यांना रोज तेवढंच आणि तसंच हवं, दुसऱ्यांना एका जागी बरेच दिवस हळूहळू सुटणारं हवं.

बाटलीवर मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात. त्यातले किती पेशीला कळतात आणि ३७ डिग्रीला किती तास कळत राहतात हा माझा प्रश्न आहे, बाकी सगळं त्याच्या मागे. मिटींगमध्ये पण हेच बोलले की आपलं लक्ष्य मिलिग्रॅम नाही, काम करणारं प्रोटीन आहे, आणि प्रत्येक पायरीला ते मोजायचं.

९ जानेवारी

वाचन. जुने पेपर काढले कारण या प्रोटीनच्या सगळ्या सवयी तिथेच दिसतात. १९७४ मध्ये गोस्पोदारोविच यांनी गाईच्या पिट्युटरी ग्रंथीतून फायब्रोब्लास्ट वाढवणारा घटक वेगळा काढला. मग खूप वर्षं शुद्धीकरणात गेली, कारण ऊतीत हे अगदी कमी असतं. १९८४ मध्ये शिंग, फोकमन, क्लाग्सब्रुन वगैरेंनी दाखवलं की ट्यूमरमधून काढलेला त्यांचा रक्तवाहिन्या वाढवणारा घटक हेपरिनला (ऋण भाराची लांब साखर-साखळी) इतका घट्ट चिकटतो की बाकीची बहुतेक प्रोटीनं निघून गेल्यावर, जास्त मीठ दिल्यावरच सुटतो, आणि नंतर कळलं की तो घटक हाच. आपण आजही नेमकं तेच करणार आहोत, हेपरिन कॉलम, म्हणजे हेपरिन लावलेल्या मण्यांची नळी. शरीरातही हे पेशीभोवतीच्या हेपरान सल्फेटला (हेपरिनसारखीच साखर-साखळी) चिकटूनच साठलेलं असतं आणि १९९१ च्या कामातून स्पष्ट झालं की हेपरान सल्फेट नसेल तर रिसेप्टरला (पेशीवरचं संकेत घेणारं प्रोटीन) नीट बसतच नाही. म्हणजे हेपरिन हे नुसतं शुद्ध करायचं साधन नाही, या प्रोटीनच्या आयुष्याचा भाग आहे. हे डोक्यात ठेवायचं, पुढे लागणार.

अजून एक गोष्ट जी मला फार आवडते, याला सिग्नल पेप्टाइड, म्हणजे पेशीबाहेर जायचा पत्ता असलेला तुकडाच नाही. बाकीचे ग्रोथ फॅक्टर पेशीतून नेहमीच्या मार्गाने बाहेर पडतात, हे सरळ पेशीच्या पडद्यातून बाहेर येतं, आतल्या बाजूच्या फॉस्फोइनोसिटाइड लिपिडला धरून, तिथेच चारसहा रेणू एकत्र जमून. आपल्या दृष्टीने याचा फायदा म्हणजे ते सायटोप्लाझममध्येच (पेशीच्या आतल्या द्रवात) घडी होणारं प्रोटीन आहे, डायसल्फाइड बंध (दोन सल्फरमधली गाठ) लागत नाहीत, त्यामुळे ई. कोलायच्या सायटोप्लाझममध्येही बरंचसं विरघळलेल्या रूपात मिळतं. अँटिबॉडीसारखं काही बनवायचं असतं तर एवढं सोपं नसतं.

१४ जानेवारी

सिक्वेन्स ठरला. माणसात या जीनपासून एकापेक्षा जास्त लांबीची प्रोटीनं होतात, लांब असतात ती जास्त करून केंद्रकात जातात, आपल्याला १८ किलोडाल्टनवालं छोटं रूप हवं, १५५ अमिनो आम्लांचं. पहिलं मेथिओनिन आणि लगेच अॅलनिन आहे म्हणून ई. कोलाय ते मेथिओनिन स्वतःच कापेल, उरतील १५४, वजन साधारण १७.१ किलोडाल्टन. हिस्टिडिन टॅग (शुद्ध करताना पकडायला जोडलेलं शेपूट) लावायचा का यावर चर्चा झाली. मी नाही म्हटलं. हेपरिनला हे स्वतःच धरतं, मग टॅग कशाला, आणि नंतर तो कापायचा म्हणजे अजून एक प्रोटिएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) आत घालायचं.

खरी चर्चा सिस्टीनवर. एकूण चार सिस्टीन (सल्फर असलेली अमिनो आम्लं) आहेत, ३४, ७८, ९६ आणि १०१ नंबरला. ३४ आणि १०१ आत दडलेले, ७८ आणि ९६ पृष्ठभागावर उघडे. उघडे असल्यामुळे दोन रेणू एकमेकांना डायसल्फाइडने बांधून घेतात, मग चार, मग गुठळी. १९८८ मध्येच जपानी गटाने हे दोन सिस्टीन बदलून सेरीन केले तर प्रोटीन जास्त टिकतं आणि काम तसंच राहतं हे दाखवलं होतं. एका सहकाऱ्याचा आक्षेप असा की निसर्गाने ठेवलेत म्हणजे काहीतरी कारण असेल. कारण आहेच, पेशीतून बाहेर पडताना त्यांचा उपयोग होतो असं अलीकडच्या कामातून दिसतंय. पण आपण प्रोटीन बाहेरूनच मीडियामध्ये घालणार, त्याला पेशीतून बाहेर पडायचंच नाहीये, त्यामुळे आपल्या कामासाठी तो उपयोग लागू होत नाही. तरी मूळ रूप पण सोबत बनवायचं ठरलं कारण तुलनेशिवाय काहीच सांगता येणार नाही. म्हणजे दोन प्लास्मिड (जीन वाहून नेणारे डीएनएचे गोल): मूळ, आणि दोन-सेरीनवालं.

कोडॉन (अमिनो आम्ल सांगणारी डीएनएची तीन-तीन अक्षरं) ई. कोलायसाठी बदलून जीन सिंथेसिसला पाठवला. आर्जिनिनचे दुर्मिळ कोडॉन काढून टाकले, या प्रोटीनमध्ये आर्जिनिन आणि लायसिन भरपूर आहेत (पीआय, म्हणजे ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो, ९.६ च्या आसपास), तिथे रायबोसोम (प्रोटीन जोडणारं यंत्र) अडकला तर अर्धवट तुकडे मिळतात.

२ फेब्रुवारी

प्लास्मिड आले, सिक्वेन्सिंग करून खात्री केली, बीएल२१ डीई३ या ई. कोलायच्या जातीत घातले (ट्रान्सफॉर्म). छोटे कल्चर लावून तापमान आणि आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) दोन्ही बदलून बघितलं. ३७ डिग्रीला भरपूर बनतं पण बराच भाग पेलेटमध्ये (न विरघळता खाली बसलेल्या गाळात) जातो. २५ ला वेग कमी पण सुपरनेटंटमध्ये (वरच्या द्रवात) जास्त. १८ ला रात्रभर ठेवलं तर सगळ्यात स्वच्छ.

ज्युनियर जेल (प्रोटीनं आकाराप्रमाणे वेगळी करून पट्टे दाखवणारं) बघून म्हणाला, ताई बँड तर एवढा जाड आलाय, मग झालं ना काम? त्याला म्हटलं बँड म्हणजे फक्त प्रोटीन आहे एवढंच, घडी बरोबर आहे का, रिसेप्टरला बसतं का, हे जेल सांगत नाही, तिथे तर आपण ते उकळून सोडवून टाकलेलं असतं. त्याने वहीत लिहून घेतलं ते बघून बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

मोठं कल्चर, १८ डिग्री, रात्रभर. सकाळी पेशींचे पेलेट गोठवले.

१० फेब्रुवारी

शुद्धीकरण, सगळं कोल्डरूममध्ये. पेशी फोडून, न्युक्लिएज (डीएनए-आरएनए कापणारं एन्झाइम) घालून, सेंट्रिफ्यूज करून स्वच्छ सुपरनेटंट आधी कॅटायन एक्सचेंजवर (धन भाराची प्रोटीनं धरणारा कॉलम), पीएच ७.५ ला. हे प्रोटीन एवढं धन भाराचं आहे की जिवाणूची बहुतेक प्रोटीनं सरळ वाहून जातात आणि हे थांबतं. पण तोच धन भार डोकेदुखी पण आहे कारण डीएनए, आरएनए पण याला चिकटतात. पहिल्या फ्रॅक्शनमध्ये २६० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण २८० पेक्षा जास्त दिसलं म्हणजे न्युक्लिक आम्ल सोबत येतंय हे उघड. शुद्ध प्रोटीनसाठी ते गुणोत्तर ०.६ च्या जवळ यायला पाहिजे. मग हेपरिन कॉलम. अर्धा मोलर मिठात चढवलं, १ मोलरपर्यंत मीठ वाढवत खूप वेळ धुतलं, न्युक्लिक आम्ल आणि बाकीची हेपरिनला सैलसर धरणारी प्रोटीनं त्यात गेली, आणि मग २ मोलरच्या दिशेने ग्रेडियंट. दीड मोलर ओलांडल्यावर एकच टोकदार पीक. १९८४ चा पेपर डोळ्यासमोर, आणि इथे स्क्रीनवर तेच घडताना दिसतंय, खूप छान वाटलं.

सांद्रता २८० वरून काढली. एक ट्रिप्टोफॅन आणि सात टायरोसिन आहेत म्हणून एक्स्टिंक्शन (प्रकाश शोषण्याचा गुणांक) साधारण १५,९३० येतं, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिला ०.९३ च्या आसपास शोषण. सगळ्यांनी हाच आकडा वापरायचा, नाहीतर प्रत्येकाचं एक मिलिग्रॅम वेगळं.

डायलिसिसमध्ये मीठ पार कमी केलं की मूळ रूप गढूळ व्हायला लागतं, त्यामुळे साठवायच्या बफरमध्ये अर्धा मोलर मीठ ठेवायचं. पेशींना त्याचा त्रास नाही कारण १ मिलिग्रॅम प्रति मिलिच्या स्टॉकवरून १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिवर जायचं म्हणजे दहा हजार पट पातळ होतं.

११ फेब्रुवारी

डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) न घालता जेल. मूळ रूपात १७ च्या बँडसोबत ३५ च्या आसपास दुसरा बँड स्पष्ट, त्याच्याही वर पुसटसं काहीतरी. दोन-सेरीनवाल्यात फक्त एक बँड. डीटीटी घातलं की दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने जेल केलं असतं तर हा फरक दिसलाच नसता.

१७ फेब्रुवारी

मास स्पेक (रेणूचं अचूक वजन) आलं. दोन्हीमधलं मेथिओनिन गेलेलं आहे, आणि दोन-सेरीनवालं मूळपेक्षा ३२ डाल्टनने हलकं, प्रत्येक सल्फरच्या जागी ऑक्सिजन म्हणजे १६, बरोबर जुळलं.

घडीसाठी फ्लुओरोसन्स (प्रकाश टाकल्यावर प्रोटीन देतं तो प्रकाश मोजणं) केला आणि हे इथे लिहून ठेवायलाच पाहिजे कारण नवीन माणूस हमखास गोंधळेल. साधारण प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅनचा प्रकाश ३३०–३५० नॅनोमीटरला मुख्य दिसतो. एफजीएफ-२ बरोबर घडी झालेलं असेल तर त्यातल्या एकुलत्या एक ट्रिप्टोफॅनचा प्रकाश शेजारच्या अमिनो आम्लांमुळे दबलेला असतो आणि मुख्य दिसतो तो टायरोसिनचा, ३०५ च्या आसपास. घडी उलगडली की ट्रिप्टोफॅन मोकळा होतो आणि ३५० कडे मोठं पीक येतं. म्हणजे ३५० ला काही फारसं दिसत नाही ही चांगली बातमी. दोन्ही नमुने ठीक. युरिया घातलेला कंट्रोल अपेक्षेप्रमाणे ३५० ला चढला. ही तपासणी स्वस्तात मस्त आहे, क्युव्हेट आणि पाच मिनिटं, म्हणून प्रत्येक बॅचला करायचीच असं ठरवलं.

२४ फेब्रुवारी

एंडोटॉक्सिन. ई. कोलायमध्ये काहीही बनवा, हे पाठी लागतंच. जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यातला लिपोपॉलिसॅकराइड, त्यावर फॉस्फेटचा ऋण भार, आणि आपलं प्रोटीन धन भाराचं, म्हणजे दोघांचं जमतंच. एलएएल टेस्टमध्ये (एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी) आकडा जास्त आला. जखमवाल्या गटाला हे चालणारच नाही. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) एवढ्याशा एंडोटॉक्सिनला टीएलआर४ या रिसेप्टरमधून जोरात प्रतिसाद देतात, सायटोकाइन (दाहाचे संकेत) सोडतात, आणि मग जखम भरली ती एफजीएफने की दाहाच्या संकेतांनी ते कोण सांगणार. असे प्रयोग छापून येतात आणि पुढची माणसं त्यावर वर्षानुवर्षं घालवतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण एका टेस्टने ते टळलं असतं.

१ मार्च

ट्रायटॉन एक्स-११४ ची पद्धत लावली. हे डिटर्जंट थंडीत विरघळलेलं राहतं आणि २२–२३ डिग्रीच्या वर गेलं की वेगळं होऊन खाली बसतं, जाताना एंडोटॉक्सिन सोबत घेऊन जातं. पण प्रोटीनला वारंवार गरम-थंड करायचं माझ्या जिवावर आलं होतं, ज्याचा अख्खा प्रश्नच तापमान आहे त्याला कशाला तो त्रास. म्हणून हेपरिन कॉलमवर असतानाच ४ डिग्रीला ०.१ टक्के ट्रायटॉनने भरपूर धुतलं, मग ट्रायटॉन जाईपर्यंत नुसत्या बफरने, मग नेहमीसारखं सोडवलं. हेपरिनला धरून असताना हे प्रोटीन सगळ्यात सुरक्षित असतं, गोस्पोदारोविच आणि चेंग यांनी १९८६ मध्येच दाखवलंय की हेपरिन याला उष्णता आणि आम्लापासून वाचवतं.

आकडा चांगलाच खाली आला. पण त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, धन भाराचं प्रोटीन एंडोटॉक्सिनला झाकून ठेवू शकतं आणि टेस्टमध्ये ते दिसतच नाही. म्हणून नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून परत किती मिळतं ते बघितलं. नियमाने ५० ते २०० टक्क्यांच्या मधे यायला पाहिजे. कमी पातळ केलेल्या नमुन्यात आलं नाही, जास्त पातळ केल्यावर आलं. रिपोर्टमध्ये फक्त जास्त पातळ केलेल्याचा आकडा धरायचा.

९ मार्च

पेशींवरची पहिली चाचणी. ३टी३ (उंदराच्या) फायब्रोब्लास्ट सीरमशिवाय उपाशी ठेवून, मग वेगवेगळे डोस, दोन दिवसांनी रेझाझुरिन (जिवंत पेशी मोजायचा रंग). दोन्ही रूपांचा वक्र छान एस आकाराचा, अर्धा परिणाम १ नॅनोग्रॅम प्रति मिलिच्या खालीच. ताज्या प्रोटीनमध्ये मूळ आणि दोन-सेरीनवालं यांत फरक सांगता येत नाही. सिस्टीनचा आक्षेप घेणाऱ्या सहकाऱ्याला वक्र दाखवला, त्याचं समाधान झालं.

सोबत बीएएफ३ पेशी (उंदराच्या रक्तपेशींची लाइन), ज्यांत एफजीएफ रिसेप्टर १ घातलेला आहे. या पेशींवर स्वतःचं हेपरान सल्फेट जवळपास नसतंच म्हणून हेपरिन बाहेरून द्यावं लागतं. हेपरिन न देता: काहीच नाही, प्रोटीन असूनही पेशी मरतात. थोडं दिलं: मस्त वाढ. खूप दिलं: परत खाली. कारण दोन एफजीएफ, दोन रिसेप्टर आणि हेपरिन असा गट जमला तर संकेत जातो, २००० मध्ये त्याची क्रिस्टल रचना आली आहे, आणि हेपरिन फारच झालं तर प्रत्येकजण वेगवेगळ्या साखळीवर बसतो आणि गाठच पडत नाही. या एका प्लेटमध्ये या प्रोटीनचं अर्धं जीवशास्त्र दिसतं, ज्युनियरला स्वतः लावायला दिली होती.

१६ मार्च

आजची नोंद मोठी होणार, ज्यासाठी हे सगळं चाललंय ते आज झालं.

प्रयोग सोपा. आयपीएस गट वापरतो तो अल्ब्युमिन नसलेला ई८ प्रकारचा मीडिया घेतला, त्यात १०० नॅनोग्रॅम प्रति मिलि प्रोटीन, आणि पेशी न घालता नुसतंच ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये ठेवलं, काही नळ्या २४ तास, काही ४८, काही ७२, आणि एक ताजी. सगळ्यांचा शेवट एकाच वेळी येईल असं उलट्या क्रमाने लावलं. मग उपाशी ठेवलेल्या पेशींवर प्रत्येक मीडिया फक्त १५ मिनिटं, पेशी फोडल्या आणि फॉस्फो-ईआरके (रिसेप्टर जागा झाल्यावर पेशीत उमटणारी खूण) चा ब्लॉट (अँटिबॉडीने प्रोटीनचा पट्टा दाखवणारी चाचणी). रिसेप्टर जागा झाला की नाही हे सरळ दिसतं, वाढ-बिढ मधे येत नाही.

मूळ रूप: ताजं काळंभोर, २४ तासांचं फिकं, ४८ चं डोळे ताणून बघावं लागतंय, ७२ चं काही नाही. दोन-सेरीनवालं: २४ ला चांगलं टिकून, ४८ ला उतरलेलं, ७२ ला पुसट. मूळ रूप अधिक थोडं हेपरिन: ४८ ला सुद्धा स्पष्ट. आणि सगळ्या नळ्यांमधलं प्रोटीन नुसतं जेलवर चालवून अँटिबॉडीने बघितलं तर ४८ तासांच्या मूळ रूपातही बऱ्यापैकी बँड आहे! प्रोटीन तिथे आहे, वजन बरोबर आहे, अँटिबॉडीला ओळखता येतंय, फक्त काम करत नाहीये. एलायझा (अँटिबॉडीने प्रोटीन मोजणारी चाचणी) केली असती तरी तिनेही आहे-आहे म्हणूनच सांगितलं असतं.

प्रकाशित आकडे याच्याशी जुळतात. मूळ एफजीएफ-२ चं ३७ डिग्रीला कामाचं अर्धायुष्य साधारण १० तास धरलं जातं. म्हणजे १०० ने सुरुवात केली तर २४ तासांनी २० च्या आसपास उरतं, ४८ ला ४ पेक्षा कमी, ७२ ला एकाच्या आत. आयपीएस मीडिया रोज बदलायचं हे एक मोठं कारण आहे. आणि सुरुवातीचा डोस १०० ठेवतात, जेव्हा रिसेप्टर त्याहून फार कमीत जागा होतो, त्याचंही कारण माझ्या मते हेच, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काहीतरी उरावं म्हणून. पण पेशीच्या बाजूने विचार करा, रोज सकाळी एकदम पूर आणि पहाटेपर्यंत कोरडं. स्टेम सेल म्हणून राहायला तिला हा संकेत सतत लागतो, तो तुटला की कडेच्या पेशी बदलायला लागतात. २०१३ मध्ये पीएलजीएच्या (हळूहळू विरघळणारं प्लास्टिक) बारीक गोळ्यांतून एफजीएफ-२ हळूहळू सोडून दाखवलं होतं की पातळी सारखी राहिली तर आठवड्यातून दोनदा मीडिया बदलूनही पेशी उलट जास्त चांगल्या राहतात. पेशंटच्या आणि निरोगी माणसाच्या पेशींची तुलना करताना हा चढउतार दोन्हीकडे वेगवेगळा झाला तर आजार म्हणून आपण जे मोजतोय ते मीडियाच्या वेळापत्रकाचं फळ असू शकतं, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

१९ मार्च

मग काय करायचं? हेपरिन घालणं हा एक मार्ग, पण ते डुकराच्या आतड्यातून येतं, बॅचप्रमाणे बदलतं, आणि जो मीडिया मुद्दाम सगळे घटक माहीत असलेला केलाय त्यात ते मिसळायचं मला पटत नाही. दुसरा मार्ग, प्रोटीनच जास्त घट्ट करायचं. २०१८ मध्ये झेक गटाने कॉम्प्युटरवर हिशोब करून आणि प्रयोगातून निवडून नऊ बदल असलेलं रूप केलं, त्याचं ३७ डिग्रीचं अर्धायुष्य २० दिवसांच्या वर गेलं. २०२० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या बरिज यांच्या गटाने स्थिर केलेलं एफजीएफ२-जी३ वापरून असा मीडिया मांडला की शनिवार-रविवार पेशींना हात लावायला नको, आणि लॅबने स्वतः बनवावा म्हणून पद्धतही उघड दिली. हिशोब करून बघा, २० दिवसांच्या अर्धायुष्याने ७२ तासांनी ९० टक्के उरतं. १ च्या आत आणि ९०, एवढा फरक.

तिसरं प्लास्मिड करायचं ठरलं, स्थिर रूपाचं.

२ एप्रिल

स्थिर रूप त्याच पद्धतीने निघालं, हेपरिनवर थोडं वेगळ्या मिठाला सुटतं पण पीक तसंच स्वच्छ. एंडोटॉक्सिन, मास, फ्लुओरोसन्स सगळं झालं. ३७ डिग्रीवाला ब्लॉट परत लावला: ताजं आणि ७२ तासांचं शेजारी-शेजारी ठेवले तर लेबलशिवाय सांगता येणार नाही. कल्चरवाल्या मैत्रिणीला फोटो पाठवला, तिचा लगेच फोन, रविवारी यायला नको का गं आता? म्हटलं थांब, आधी तुझ्या पेशींना विचारू.

२० एप्रिल

आयपीएस गटाकडचे निकाल यायला लागले. एकाच पेशंटच्या लाइनवर तिन्ही रूपं, मूळ रूपाला रोज बदल, बाकी दोघांना मधे दिवस सोडून. स्थिर रूपात कॉलनीच्या कडा स्वच्छ, ऑक्ट४ आणि नॅनॉग (स्टेम सेल असल्याच्या खुणा) दोन्ही सगळ्या पेशींत सारखे. मूळ रूपाला मुद्दाम एका प्लेटमध्ये दिवस सोडून बदल दिला तर कडेला सपाट पसरलेल्या पेशी दिसतात. अजून पासेज (पेशी नव्या प्लेटमध्ये हलवायच्या फेऱ्या) बाकी आहेत, क्रोमोसोम तपासायचे आहेत, जास्त काळ जोरदार वाढीचा संकेत दिल्याने चुकीच्या पेशी निवडल्या जात नाहीत ना हे बघणं गरजेचं आहे. स्थिर रूप वापरताना डोस पण कमी करायला हवा, १०० कशाला, १०-२० वर सुद्धा चालेल असं वाटतं, ती मालिका लावलीय.

२४ एप्रिल

जखमवाल्या गटासोबत बसले. त्यांचं म्हणणं वेगळं आणि बरोबर. जखमेत प्रोटिएज असतात, पाणी वाहत असतं, तिथे प्रोटीन नुसतं ओतलं की काही तासांत गेलं. जपानमध्ये हे प्रोटीन त्राफेरमिन नावाने २००१ पासून त्वचेच्या व्रणांसाठी स्प्रे म्हणून वापरात आहे, आणि २०१६ मध्ये हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड परत वाढवायलाही मान्यता मिळाली. स्प्रे रोज मारावा लागतो. ज्या जागी कॅन्सर आहे तिथे वापरायचा नाही, आणि ते साहजिक आहे, रक्तवाहिन्या वाढवणारा संकेत ट्यूमरलाही तेवढाच हवा असतो.

यांची पद्धत क्योतोच्या ताबाता यांच्या कामावर आधारलेली: आम्ल प्रकारचं जिलेटिन, पीआय ५ च्या आसपास, म्हणजे ऋण भाराचं, त्यात धन भाराचं एफजीएफ-२ भाराने धरून राहतं आणि जेल जसजसं पेशींच्या एन्झाइमने विरघळतं तसतसं सुटतं. ज्या धन भाराने आम्हाला डीएनए आणि एंडोटॉक्सिन गळ्यात बांधलं तोच इथे उपयोगी पडतोय. त्यांना मी सुचवलं की जेलसाठी सगळ्यात स्थिर रूप डोळे झाकून घेऊ नका. शरीरात हा संकेत विझायलाही हवा, जखम भरताना एका टप्प्यानंतर रक्तवाहिन्या कमी व्हायच्या असतात, आणि २० दिवस न थकणारं प्रोटीन तिथे काय करेल हे आधी बघू. दोन-सेरीनवालं मधलं रूप कदाचित इथे जास्त योग्य. स्क्रॅच चाचणी (पेशींच्या थरावरचा ओरखडा भरतो का बघणं) आणि एंडोथेलियल नळ्यांची चाचणी तिन्ही रूपांवर लावायची, जेलमधून सुटलेल्या द्रवाचाही फॉस्फो-ईआरके बघायचा, नुसता एलायझा नाही. याला ते लगेच तयार झाले.

३० एप्रिल

साठवण. छोटे अलिक्वॉट (वाटे), कमी चिकटणाऱ्या नळ्या, उणे ८०, एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. पातळ द्रावणात हे प्रोटीन काच आणि प्लास्टिकला चिकटून जातं त्यामुळे १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिच्या खालची नळी कोणी साठवायचीच नाही, लागेल तेव्हा मीडियातच पातळ करायचं. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी ०.१ टक्के अल्ब्युमिन, आयपीएसला ते नाही.

११ मे

पहिली वाटणी. प्रत्येक नळीच्या लेबलवर रूप, बॅच आणि सांद्रता, आणि सोबतच्या कागदावर चार गोष्टी: ३टी३ वरचा अर्धा परिणाम, ३७ डिग्रीला २४ आणि ७२ तासांनी उरलेलं काम टक्क्यांत, एंडोटॉक्सिन (घालून परत मिळवलेल्या टक्क्यांसकट), आणि डीटीटीविना जेलचा फोटो. मिलिग्रॅम शेवटच्या ओळीत. एका सिनियरनी विचारलं की एवढं कोण वाचतं. आयपीएस गटाने पहिल्याच दिवशी कागद भिंतीवर लावला आणि डोस टक्क्यांवरून ठरवायला घेतला, जखमवाल्यांनी तिन्ही रूपांचे कागद मागून घेतले.

पुढच्या बॅचपासून ३७ डिग्रीची चाचणी ज्युनियर स्वतंत्रपणे करणार. कमी डोसची मालिका आणि क्रोमोसोमचा रिपोर्ट आला की नोंद करीन, जेलची पहिली प्लेट सोमवारी लागतेय.